मुलीच्या ड्रमकिटसाठी सिंबल : ३० हजारांत आख्खा सेट घ्यावा की सुटे?

टाळकरी_मिरज (शुक्रवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी स्वतः ड्रम वाजवत नाही. आमच्या भजनी मंडळात टाळ धरतो, आणि ढोलकीवाला गावाला गेला की त्याच्या जागी वेळ मारून नेतो, एवढंच. थोरली लेक (वय १४) मात्र ड्रम शिकते. यंदा ट्रिनिटीची (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची संगीत परीक्षा) तिसरी ग्रेड देणार आहे. ओळखीतल्या एका मुलाकडून सेकंडहँड किट घेतलं होतं. ड्रम उत्तम आहेत असं तिचे सर म्हणतात. सोबत आलेले सिंबल (किटवरच्या झांजेसारख्या धातूच्या थाळ्या) मात्र कुठल्या कंपनीचे तेही वाचता येत नाही. हायहॅट (पायानं उघडझाप होणारी सिंबलची जोडी) वाजवली की स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडल्यासारखं वाटतं, आणि क्रॅशची (जोराचा ठोका द्यायच्या सिंबलची) कड एका बाजूनं चक्क दुमडलीय.

बजेट ३० हजार. ओढूनताणून ३२. सर म्हणतात ब्रँडेड घ्या. दुकानदार म्हणतो चार नगांची पेटी घ्या, सगळे हीच नेतात. ऑनलाइन बघायला गेलो तर एकाच कंपनीचे पाच-सहा प्रकार, फोटोत सगळे सारखेच सोनेरी आणि किमतीत कितीतरी पट फरक. हा फरक नक्की कशाचा? टाळ घेताना आम्ही पितळी आहे की काशाचा ते बघतो आणि जोडी एकमेकीला जुळते का ते ऐकतो. इथं काय बघायचं?

आणखी एक. फ्लॅटमध्ये राहतो, तिसरा मजला. खालचे काका अजून बोलतात आमच्याशी. ते तसंच राहावं अशी इच्छा आहे.

रिमशॉट

काका, अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. सिंबलमध्येही पितळ आणि कासं हाच मुख्य फरक.

सगळ्यात खाली पितळ. माइनल कंपनीची एचसीएस, सेबियनची एसबीआर, पायस्टीची पीएसटी ३ ही त्यातली. माइनल तर मिश्रधातूचं नाव उघड लिहिते, एमएस६३, म्हणजे ६३ टक्के तांबं आणि उरलेलं जस्त. त्याच्या वर बी८, म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील. पायस्टीची पीएसटी ५ आणि ७, सेबियनची बी८एक्स, झिल्जियनची आय फॅमिली, माइनलची एचसीएस ब्राँझ, ही सगळी या मजल्यावर. झिल्जियनची एस फॅमिली बी१२ ची, तिथून थोडी वर. आणि मग बी२०, ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. झिल्जियनच्या ए आणि के, सेबियनच्या एएएक्स आणि एचएचएक्स, माइनलची बायझन्स, शिवाय इस्तंबूलचे हातठोक्याचे सगळे. बी२० मध्ये खिशाला त्यातल्या त्यात परवडणारी म्हणजे सेबियनची एक्सएसआर.

३० हजारांत पितळी सेट आरामात येतो. बी८ चा बेताचा सेट ऑफरमध्ये येऊ शकतो. बी२० चा नवा सेट विसरा.

कासारआळी

धातूच्या धंद्यात आहे, संगीतातलं फारसं कळत नाही, पण इथं राहवलं नाही.

तुमचा काशाचा टाळ, तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी आणि हे बी२० एकाच कुळातले. आपल्याकडचं कासं साधारण ७८-२२ असतं, सिंबलचं ८०-२०. कथील एवढं वाढलं की धातू खणखणीत वाजतो, पण थंड असताना ठिसूळ असतो. गार पत्रा लाटायला गेलात की तडकलाच. म्हणून गोळा ओतायचा, लालबुंद तापवून लाटायचा, परत तापवायचा, परत लाटायचा. शेवटी तापलेला असतानाच पाण्यात बुडवायचा. पोलाद असं बुडवलं की कडक होतं. हे उलट आहे, बुडवल्यावर ठोकण्याइतपत नरम राहतं. मग हातोडी आणि मग चरक, म्हणजे लेथवर फिरवून तासणं, त्यानंच वर गोल रेघा उमटतात. एकेका नगावर इतकी मेहनत, म्हणून ती किंमत.

बी८ आणि पितळ गार असतानाही लाटता येतं. मोठा पत्रा आणायचा, गोल चकत्या कापायच्या, दाबून आकार द्यायचा. कारखान्यात झपाट्यानं होतं आणि सगळे नग एकसारखे निघतात. स्वस्ताईचं कारण हे. खराब धातू वापरतात म्हणून ते स्वस्त असतं असं समजू नका.

टाळकरी_मिरज

@कासारआळी, वा! हे पहिल्यांदाच कुणी माझ्या भाषेत सांगितलं. म्हणजे ही वस्तू मला अगदीच परकी नाही तर.

मडगावचा_बँडवाला

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१, पण मजले पाडून दिले की वाचणाऱ्याला वाटतं बी२० म्हणजे चांगलं आणि बी८ म्हणजे शिकाऊ. तसं नाही हो. पायस्टीची २००२ ही मालिका १९७१ पासून चालू आहे आणि ती बी८ चीच आहे. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम तीच वाजवायचा. किमतीला ती बऱ्याच बी२० मालिकांच्या पंगतीत बसते. पत्रा तोच, फरक ठोकण्यात, जाडीत आणि किती बारकाईनं ते काम केलंय त्यात.

आमच्याकडे लग्नं, चर्चचे फेस्त, बीचवरचे शॅक, सगळीकडे वाजवतो. उघड्यावर बी८ बरी पडते. आवाज पातळ, तीक्ष्ण, सरळ लांब जातो. तोच सिंबल छोट्या खोलीत कानात घुसतो. काकांच्या लेकीचा रियाज बंद खोलीत आहे, हे लक्षात ठेवा.

पगारदार_ड्रमर

मी उलटं सांगतो. मुलगी तिसऱ्या ग्रेडला आहे. पितळी सेट घ्या, पैसे वाचवा, वाचलेल्या पैशांत चांगला पेडल नाहीतर चांगलं स्टूल घ्या. दोन वर्षांनी तिला स्वतःलाच कळेल काय हवंय ते, तेव्हा भारी घ्या. आणि परीक्षेचं टेन्शन घेऊ नका. सेंटरवर किट तिथलंच असतं, सिंबलसकट. घरचे सिंबल भारी असले म्हणून मार्क वाढत नाहीत.

एचसीएस घेतलेला मित्र आहे माझा. वाजतं की व्यवस्थित.

जुना_ऑर्केस्ट्रा

@पगारदार_ड्रमर, असहमत. हलके घ्या.

ऐंशीच्या दशकापासून गणपती-नवरात्रातल्या वाद्यवृंदांत वाजवत आलोय. तेव्हा परदेशी सिंबल म्हणजे कुणी बोटीवरच्या माणसाकडून आणवायचा आणि मरेपर्यंत जपायचा. सगळ्या ऑर्केस्ट्रात मिळून एखादाच चांगला. आणि तो चांगला नग नेहमी हायहॅटवर असायचा. का ते सांगतो.

कुठलंही साधं गाणं घ्या. एका मिनिटात क्रॅश किती वेळा पडतो? दोनदा, तीनदा. हायहॅट प्रत्येक मात्रेला वाजते, कधी मात्रेला दोनदा. शिकणाऱ्याचा उजवा हात तिथंच घडतो. काडीचं टोक मारलं तर एक आवाज, काडीचा खांदा कडेवर घातला तर दुसरा, पायानं अर्धवट दाबली तर तिसरा. चांगल्या हायहॅटवर हे तिन्ही वेगळे ऐकू येतात. पितळी हॅटवर तिन्ही जवळपास एकच. मग मूल काय करतं? फरक ऐकूच येत नाही म्हणून फरक करायचं सोडून देतं आणि सगळं एकाच जोरात बडवतं. नंतर भारी वाद्य दिलं तरी हात तोच राहतो. पितळी सेट मला महाग वाटतो तो याच हिशेबानं.

म्हणून माझं म्हणणं, पेटी घेऊच नका. ३० हजारांतले निम्म्याहून जास्त १४ इंची हायहॅटवर घाला, बी२० ची सेकंडहँड मिळाली तर उत्तम. उरलेल्यात एक १६ इंची क्रॅश, बी८ चालेल. राइड, म्हणजे सलग ठेका धरायचा मोठा सिंबल, पुढच्या दिवाळीला. तोवर जुनीच राइड वाजवू दे. टाळाच्या जोडीला तुम्ही जो कान लावता तोच हायहॅटला लावा. तीही जोडीच आहे.

पगारदार_ड्रमर

@जुना_ऑर्केस्ट्रा, काका, मुद्दा पटला, पण सेकंडहँड बी२० घ्यायला अनुभवी माणूस सोबत लागतो. मिरजेत कोण सांगणार तडा आहे की चरकाची रेघ? नव्या पेटीला निदान बिल असतं.

सांगलीची_सई

मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याचं गाव, वाद्य ओळखणारे कान तिथं गल्लोगल्ली सापडतील. :) पण मुद्दा बरोबर आहे. वाचनखूण साठवली.

निद्रानाश

खालच्या मजल्यावरच्या काकांच्या वतीनं लिहितोय, मी तोच काका आहे असं समजा.

झिल्जियनची एल८० नावाची लो व्हॉल्यूम मालिका आहे. अंगभर बारीक भोकं पाडलेली. आवाज खूपच कमी होतो. बोटांना स्पर्श खऱ्या सिंबलच्या जवळचा, रबरी पॅडसारखा नाही. ड्रमवर जाळीची कातडी चढवली की फ्लॅटमध्ये रात्री आठपर्यंत रियाज शक्य आहे. आमच्या वरच्या मजल्यावर हाच उपाय केला आणि सोसायटीच्या मीटिंगमधला एक विषय कमी झाला.

रिमशॉट

@निद्रानाश, खरंय, पण ते खऱ्या सिंबलच्या जागी नकोत. त्यांच्यावर क्रॅशचा फुलोरा येत नाही आणि स्टेजवर ते निरुपयोगी. ३० हजारांत दोन्ही बसायचे नाहीत. काकांनी आहे त्या सिंबलवर दुपारच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रबरी म्यूट चकत्या मिळतात, सिंबलवर टाकायच्या, एल८० पेक्षा पुष्कळ स्वस्त. स्पर्श बिघडतो, पण शेजारी टिकतात.

फ्रँकोनियाकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या न्यूरेंबर्गजवळ नोकरीला. माइनलचं गाव गुटेनश्टेटेन इथून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. वर उल्लेख आलाय ती एचसीएस इथं जर्मनीत बनते आणि त्यांची महागडी बायझन्स तुर्कस्तानात हातानं ठोकून घेतात. म्हणजे ‘मेड इन जर्मनी’ छाप बघून हुरळून जाऊ नका, या बाबतीत तो स्वस्त मालावर असतो.

आणि ‘येताना घेऊन ये’ म्हणणाऱ्यांसाठी : २० इंची राइड म्हणजे जवळपास ५१ सेंटिमीटर. केबिन बॅगेत आडवी-उभी कशीच मावत नाही. हायहॅट मावते. मावसभावानं मला दोन वेळा विचारून झालंय.

टाळकरी_मिरज (रविवार, सकाळी ८.१५)

सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. तिला जुना_ऑर्केस्ट्रा यांचं पटलं. मला पगारदार_ड्रमर यांचं पटलं होतं, पण घरात बहुमत तिचं.

कोल्हापूरच्या एकाची जाहिरात दिसलीय. सेबियन एक्सएसआर, १४ इंची हायहॅट, वापरलेली, २० हजार सांगतोय. फोटो पाठवले आहेत त्यानं, चकाचक पुसून. एक छोटा आवाजही पाठवलाय. प्रत्यक्ष जाऊन बघणार. काय काय तपासू?

जुना_ऑर्केस्ट्रा

जा आणि लेकीला घेऊन जा, वाजवणार ती आहे. फोनवरचा आवाज धरू नका, फोन सगळ्याच सिंबलना एकसारखं करून टाकतो. तिच्या रोजच्या काड्या बरोबर न्या. दुकानात किंवा घरात ठेवलेल्या जाड काड्यांनी वाजवलं की निराळंच ऐकू येतं.

चकाचक पुसलंय म्हणालात म्हणून सांगतो, उन्हात न्या. पॉलिशखाली तडा लपतो. कडेवरून अंगठ्याचं नख हळूहळू आख्खं गोल फिरवा, कुठं अडलं तर तिथं थांबून बघा. चरकाच्या रेघा गोल जातात. तडा कडेतून आत शिरतो, नाहीतर एखाद्या रेघेलाच चिकटून लांब पळतो. हा दुसरा प्रकार फसवा, रेघच आहे असं वाटत राहतं. मग मधलं भोक बघा. स्टँडच्या लोखंडावर घासून ते लांबट झालं असेल तर मागच्या मालकानं प्लास्टिकची नळी न घालता वाजवलीय. तेवढ्यावरून नग टाकून देऊ नका, पण भाव पाडा. कुठं कडेशी बारीक गोल भोक पाडलेलं दिसलं तर समजा तडा पुढं सरकू नये म्हणून ड्रिल मारलंय. उठून या.

शेवटी भोकात बोट घालून सिंबल लोंबता धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं टिचकी मारा. आवाज लांबत लांबत विरला पाहिजे. मध्येच थरथर किंवा घसघस आली तर आत काहीतरी आहे. तुमच्या टाळकऱ्याच्या कानाला हे सांगायची गरज नाही.

रिमशॉट

यात एक भर. वरची आणि खालची वेगळी असते हे विसरू नका. साधारणपणे वरची हलकी, खालची जड. काही लोक दोन निराळ्या जोड्यांतले नग एकत्र करून विकतात. वजनकाटा घेऊन जा, स्वयंपाकघरातला पुरतो. १४ इंचीत वरची किलोच्या आतबाहेर आणि खालची तिच्याहून बऱ्यापैकी जड, असं असेल तर ठीक. दोन्ही सारख्या भरल्या तर विचारा.

मडगावचा_बँडवाला

क्रॅशसाठी माझी शिफारस : १६ इंचीत जितका पातळ मिळेल तितका घ्या. जाड बी८ क्रॅश खोलीत असह्य होतो, आणि पोरीला तो उघडायला जोर लावावा लागतो. पातळ क्रॅश हलक्या हातानं फुलतो. पातळ म्हणजे लवकर फुटणार ही भीती अर्धी खोटी आहे. फुटतात ते कडेवर काटकोनात घाव घालणाऱ्यांचे आणि स्टँडवरचा विंगनट (पंखांचा नट) आवळून ठेवणाऱ्यांचे. सिंबल स्टँडवर डुलला पाहिजे. काडी तिरकी, पुसल्यासारखी फिरवायची.

टाळकरी_मिरज (पुढचा रविवार, संध्याकाळी ६.५०)

घेतली! साडेसतरा हजारांत. मुलगा सज्जन निघाला, नोकरीसाठी बंगलोरला चाललाय आणि खोलीत किट मावत नाही म्हणून विकत होता. भोक किंचित लांबट होतं, त्यावर अडीच हजार उतरले. उन्हात नेलं, नख फिरवलं, काटाही नेला होता. काटा बघून त्याची आई हसायला लागली. लेकीनं पाऊण तास वाजवून बघितली. मी खोलीच्या बाहेर जिन्यात उभा राहून ऐकत होतो. उघडी, बंद आणि अर्धवट दाबलेली, मला न बघता ओळखू येत होतं. आमच्या जुन्या जोडीवर कधीच येत नव्हतं.

क्रॅश नवा घेतला, सेबियन बी८एक्स, १६ इंची, बिलासकट. दोन्ही मिळून बजेटच्या आत. जुनी राइड तशीच ठेवलीय. दुमडलेला क्रॅश लेकीनं हायहॅटशेजारी उलटा टांगलाय, म्हणे चायनासारखा (उलट्या कडेच्या सिंबलसारखा) वाजतो. असेल.

दोन प्रश्न उरलेत. एक, आईनं क्रॅश बघून विचारलं की चिंच किंवा पितांबरी लावून घासू का, डाग पडलेत. दोन, नवी हायहॅट पायानं बंद केली की कधीकधी ‘चिक’ ऐवजी नुसतं ‘फुस्स’ होतं. सिंबल बिघडलाय का?

कासारआळी

आईंना हात जोडून नाही म्हणा. :) देवाची भांडी वेगळी. नव्या सिंबलवर बहुतेक वेळा पारदर्शक लेप असतो, घासलं की तो जातो, छापलेलं नाव जातं आणि पुढं डाग आणखी पटकन पडतात. ओलं फडकं, लगेच कोरडं फडकं. वाजवून झालं की बोटांचे ठसे पुसून टाकायचे, तेवढं बास.

जुना_ऑर्केस्ट्रा

अभिनंदन. साडेसतराला एक्सएसआर म्हणजे चांगला सौदा.

‘फुस्स’चं सांगतो. सिंबल ठणठणीत आहे. दोन्ही कडा तंतोतंत एकमेकींवर बसल्या की मधली हवा कोंडते आणि चिक मरते. हायहॅट स्टँडवर खालचा सिंबल ज्या वाटीत बसतो, तिच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो थोडा आत फिरवला की खालचा सिंबल एका बाजूनं जरासा उचलला जातो आणि हवेला वाट मिळते. थोडा म्हणजे अगदी थोडा, पाव फेरा फिरवायचा, पाय दाबून ऐकायचं, मग पुढचा पाव. वरचा सिंबल दांड्याला धरून ठेवणारा क्लचही बघून घ्या, त्यातल्या दोन फेल्टच्या (नमद्याच्या चकत्यांच्या) मध्ये सिंबल किंचित हलायला हवा. गच्च आवळलेला असेल तर सैल करा. आणि भोक लांबट आहे म्हणालात, तर वरचा नग महिन्या-दोन महिन्यांनी क्लचमध्ये थोडा फिरवून बसवत जा, म्हणजे एकाच जागी घासणार नाही.

टाळकरी_मिरज

स्क्रू सापडला. गंजलेला होता, दोन थेंब तेल घालून फिरला. तिसऱ्या पाव फेऱ्याला चिक आली. खालच्या काकांनी आत्ताच फोन करून विचारलं, नवीन काही आणलंय का. दुपारी चार ते सहा अशी वेळ ठरवून घेतलीय त्यांच्याशी, रविवार सोडून.

@रिमशॉट, ती रबरी चकती १६ इंची आणि १४ इंचीची वेगवेगळी घ्यावी लागते का?

रिमशॉट

हो, मापानुसार वेगळ्या येतात. हायहॅटची तेवढी आधी घ्या.